रुस्तम पाशाची मशीद : दुकानांच्या डोक्यावरची बाग

खिडकीपाशी | मंगळवार, रात्री १०:४०

आधीच सांगते, फोटो चढत नाहीयेत. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा पान लटकलं. तेव्हा हा धागा शब्दांवरच भागवून घ्या.

इस्तंबूलमध्ये चार दिवस होते. पहिले दोन दिवस सगळे जातात तिथेच गेले. आया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा. मान दुखेपर्यंत वर बघून झालं. तिसऱ्या दिवशी एमिनोन्यूच्या मसाला बाजारात शिरले आणि मागच्या बाजूने हसिर्जिलर गल्लीत बाहेर पडले. हसिर म्हणजे चटई. हा एके काळचा चटई विणणाऱ्यांचा बाजार. आता तिथे चटया सोडून सगळं मिळतं: चाळण्या, दोरखंड, प्लास्टिकचे डबे, पिशव्या, ऑलिव्ह, चीज. वर भाजलेल्या कॉफीचा वास. या गर्दीत रुस्तम पाशाची मशीद शोधायची होती. नकाशा सांगत होता की मी तिच्या दारात उभी आहे. समोर दिसत होतं डब्यांचं दुकान.

दोन फेऱ्या मारल्यावर एका हमालानेच बोटाने वर दाखवलं. मशीद खरंच वर आहे! खाली कमानींची दुकानं आणि गोदामं, त्यांच्या छतावर ओटा, ओट्यावर मशीद. दोन दुकानांच्या मधल्या भिंतीत एक दार आहे आणि आत अंधारा, वळणाचा दगडी जिना. तो चढून बाहेर आलं की एकदम शांत अंगण. खालचा गलका ऐकू येतो, पण पाण्याखालून आल्यासारखा. अंगणात जागा कमी म्हणून हातपाय धुण्याचे नळसुद्धा खालीच, रस्त्याच्या पातळीला ठेवलेत.

थोडी पार्श्वभूमी. रुस्तम पाशा हा सुलतान सुलेमानचा वझीर-ए-आझम, म्हणजे मुख्य प्रधान, आणि जावईसुद्धा. सुलेमान आणि हुर्रेम यांची मुलगी मिह्रिमाह त्याची बायको. १५४४ ते १५५३ आणि मग १५५५ पासून १५६१ मध्ये मरेपर्यंत तो या पदावर होता. मधली दोन वर्षं घरी बसावं लागलं, कारण आपल्याच मुलाला, शहजादा मुस्तफाला, सुलतानाने मारवलं त्यात रुस्तमचा हात असल्याचं सगळं सैन्य म्हणत होतं. मशीद बांधली सिनानने, उस्मानी (ऑटोमन) दरबाराच्या मुख्य वास्तुविशारदाने. काम रुस्तमच्या मृत्यूच्या सुमारास, १५६१ ते १५६३ च्या दरम्यानचं. म्हणजे ज्याच्या नावाने बांधली त्याने ती पुरी झालेली बघितलीच नाही.

आता मुद्द्याचं. आत पाऊल टाकलं आणि मी चक्क हसले. टाइल म्हटलं की आपल्याला बाथरूम आठवतं. इथे भिंती, खांब, मेहराब (मक्केच्या दिशेचा कोनाडा), सगळं जमिनीजवळून सज्जाच्याही वरपर्यंत टाइलने मढवलेलं आहे. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर गडद निळा, फिरोजी आणि एक लाल. सुमारे २,३०० टाइल्स आणि ऐंशीच्या आसपास वेगवेगळे नमुने. एवढ्या लहान मशिदीत टाइलचा इतका सढळ वापर! ट्यूलिप, कार्नेशन, जलकुंभीसारखे दिसणारे हायसिंथचे तुरे, गुलाब, आलुबुखारच्या बहरलेल्या फांद्या आणि करवतीच्या धारेसारख्या कडांची लांब वळलेली पानं. एका गटाला घेऊन आलेला वाटाड्या सांगत होता की नुसत्या ट्यूलिपचेच चाळीसहून जास्त प्रकार आहेत. मी मोजायला बसले. सतरापर्यंत पोचले आणि एकच ट्यूलिप दोनदा मोजतेय अशी शंका आली, सोडून दिलं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. पहिली पंधरा मिनिटं मी सगळे बघतात तसं 'वा वा' करत बघितलं. मग पाय दुखले म्हणून एका खांबाला लागून गालिच्यावर बसले आणि डोळे खांबाच्या टाइलच्या सांध्यावर गेले. तिथून पुढचा तास मी फक्त सांधे बघितले. नमुना एका टाइलवर संपत नाही, शेजारच्या चार टाइल्स मिळून एक फूल पुरं होतं. बहुतेक ठिकाणी देठ या टाइलमधून त्या टाइलमध्ये असा काही सरकतो की हात फिरवला तरच शिवण कळावी. (फिरवला नाही, शांत व्हा.) आणि काही ठिकाणी सरळ चुकलंय. देठ एक सूत वर गेलाय. एका टाइलचा निळा शेजारणीपेक्षा फिकट. एका जागी किनारीची टाइल कोपऱ्यात मावेना म्हणून अर्धं कार्नेशन कापून टाकलंय. बाहेरच्या ओसरीत तर गोधडीच आहे: वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या नमुन्यांच्या टाइल्स, जिथे जी बसली तिथे ती.

निळ्या मशिदीत वीस हजारांवर टाइल्स आहेत म्हणतात, पण त्यातल्या चांगल्या वर सज्जात, आपण खाली दोरीपलीकडे. इथे त्या नाकासमोर आहेत. माणसाच्या हाताचा थरथराट दिसतो. जाणार असाल तर इथे 'बघून' येऊ नका, बसून या.

लाल रंगाबद्दल लिहायचं होतं, पण त्यातलं तंत्र मला कळत नाही. कुणी जाणकार असेल तर लिहा.

---

नळस्टॉप | मंगळवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. फोटो नसतानाही दिसलं.

जिन्याचं वर्णन वाचून तुळशीबाग आठवली. तिथेही आयुष्यभर बांगड्या आणि पातेली घेऊन परत येणारी माणसं असतात, ज्यांना आत राममंदिर आहे हे माहीतच नसतं.

---

खिडकीपाशी | मंगळवार, रात्री ११:१२

अगदी! फक्त इथे देऊळ मागे नाही, डोक्यावर आहे. आणि दुकानं नंतर येऊन चिकटलेली नाहीत, ती मुळातच योजनेत होती. दुकानांच्या भाड्यावर मशिदीचा दिवाबत्तीचा, डागडुजीचा खर्च चालावा अशी वक्फची व्यवस्था. शहरातल्या सगळ्यात महागड्या व्यापारी जागी जमीन घ्यायची, खाली भाडं, वर नमाज. हिशेबी माणूस होता.

---

तिरका डोळा | बुधवार, सकाळी ७:५०

हिशेबी हा फार सभ्य शब्द झाला. त्या काळात हाब्सबुर्ग या युरोपातल्या राजघराण्याचा वकील म्हणून बुस्बेक नावाचा गृहस्थ इस्तंबूलला होता, त्याच्या वाटाघाटी याच रुस्तमशी चालत. त्याने पत्रांत लिहून ठेवलंय की खजिना भरण्यासाठी रुस्तमने कुठलाही मार्ग सोडला नाही. सुलतानाच्या बागेतली भाजी, गुलाब आणि व्हायोलेटची फुलंसुद्धा त्याने बाजारात विकायला काढली!

म्हणजे ज्याने मालकाच्या बागेतली फुलं विकली, त्याच्याच नावाच्या मशिदीत भिंतभर फुलं.

गंमत अशी की युरोपात ट्यूलिप पोचवल्याचं श्रेय बऱ्याचदा याच बुस्बेकला देतात. त्यावर वाद आहेत, पण तुर्की ट्यूलिपबद्दल त्याने लिहिलंय हे नक्की.

बाकी धाग्यातल्या कौतुकाशी मी पूर्ण सहमत नाही. मीही गेलोय तिथे. मला गुदमरायला झालं. चार सुंदर साड्या एकावर एक नेसल्यासारखं. सिनानचं बांधकाम दिसतच नाही. सुलेमानिये मशीद बघा, १५५७ मध्ये पुरी झाली, त्याच सिनानची. तिथे टाइल्स फक्त मेहराबच्या भिंतीला, बाकी दगड आणि उजेड. त्याला म्हणतात संयम.

---

बोरीबंदर | बुधवार, सकाळी ९:३०

चार साड्यांची उपमा कडक. पण घरच्या लग्नात सगळ्या आत्या तशाच दिसतात आणि छान दिसतात.

---

घाटवाट | बुधवार, सकाळी १०:१५

बांधकाम दिसत नाही हे पटलं नाही. उलट खांबांवर टाइल असल्यामुळेच खांब मोजता येतात. घुमट आठ आधारांवर उभा आहे. त्यातले चार सुटे अष्टकोनी खांब, दोन एका अंगाला, दोन दुसऱ्या अंगाला, आणि उरलेले चार मेहराबच्या आणि दाराच्या भिंतींत मुरवलेले. चार कोपऱ्यांना चार अर्धघुमट. चौकोनावर अष्टकोन आणि अष्टकोनावर वर्तुळ. घुमटाचा व्यास जेमतेम १५ मीटर. याच आठ आधारांच्या कल्पनेवर सिनानने पुढे एदिर्ने शहरातली सेलिमिये मशीद उभी केली, तिचा घुमट ३१ मीटरच्या पुढे. म्हणजे डब्यांच्या दुकानावरची ही मशीद त्या मोठ्या कामाची रंगीत तालीम समजा. रंगीत शब्दशः.

आणि संयमाबद्दल. वझिराला सुलतानासारखं बांधायची मुभा नव्हती. एकापेक्षा जास्त मिनार हा राजघराण्याचा मान. मिह्रिमाहच्या उस्क्युदारच्या मशिदीला दोन मिनार आहेत कारण ती सुलतानाची मुलगी, नवऱ्याच्या मशिदीला एकच. उंची नाही, मिनार नाही, जागा अरुंद. मग पैसा जाणार कुठे? आतल्या भिंतीवर. हा माझा तर्क आहे, पण मला तो बरोबर वाटतो.

---

तिरका डोळा | बुधवार, सकाळी १०:४०

तर्क चांगला आहे. गुदमरणं मागे घेत नाही.

---

चिखलमाती | बुधवार, दुपारी २:२०

लालबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी कुंभारकाम करते, छोटा स्टुडिओ आहे, आणि या लालने माझी दोन वर्षं खाल्ली आहेत. लांब होईल.

पहिली गोष्ट, या टाइल्स आपण समजतो तशा मातीच्या नाहीतच. या टाइल्स इझ्निक गावात बनत. इझ्निकच्या टाइलमध्ये बराचसा भाग गारगोटीची पूड, म्हणजे क्वार्ट्झ. त्यात थोडी दळलेली काच आणि थोडी पांढरी माती, नुसती चिकटण्यापुरती. जयपूरची निळी भांडी माहिती असतील, ती याच कुळातली. तिथेही क्वार्ट्झ, काच, मुलतानी माती आणि डिंक. ज्याने हे मळून बघितलंय त्यालाच कळतं की हा गोळा नाही, ओला रवा आहे. चाकावर उभा राहत नाही, वळवला की तडकतो. पण एकदा जमला की पांढरा इतका स्वच्छ येतो की साध्या मातीवर कितीही लेप दिला तरी तसा येत नाही. त्या पांढऱ्यामुळेच बाकीचे रंग बोलतात.

त्यावर आणखी बारीक क्वार्ट्झचा पांढरा लेप. मग नमुना. कागदावर काढलेल्या चित्राच्या रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, ठिपक्यांची रेघ उमटते. (रांगोळीचे छापे आठवले ना? तेच.) ठिपक्यांवरून काळी बाह्यरेषा, आत रंग, वरून पारदर्शक काचेचा थर, आणि भट्टी, साधारण ९०० अंशांच्या आसपास. रंग काचेच्या खाली अडकतात, म्हणून साडेचारशे वर्षांनीही ओले दिसतात.

निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. हे दोन्ही काचेत विरघळतात, थोडे पसरतात. काळी रेघ त्यांना आवर घालायला असते. लाल मात्र विरघळत नाही. तो धातूचा रंग नव्हे, लोहयुक्त लाल माती आहे, आर्मेनियातली म्हणून प्रसिद्ध. ती पातळ लावली की भट्टीत काच तिला खाते आणि तपकिरी डाग उरतो. जाड लावावी लागते, जवळजवळ थापावी लागते. म्हणून इझ्निकचा लाल उंचवटा धरून असतो. टाइलकडे समोरून बघू नका, बाजूने बघा, उजेड तिरका पडला की लाल पाकळ्या फुगलेल्या दिसतील. जास्त जाड झाली तर सुटून येते. माझे पहिले वीस नमुने एक तर शेणाच्या रंगाचे आले, नाही तर खपली धरून पडले. ज्यांच्याकडून माती घेतली त्यांनी पिशवीवर भलतंच लिहिलं होतं हेही एक, पण सगळा दोष मातीला देणार नाही.

हा लाल पहिल्यांदा ठळकपणे दिसतो सुलेमानियेत, १५५७ च्या सुमारास. रुस्तम पाशाचं काम त्यानंतर चार-सहा वर्षांतलं. म्हणजे कारागीर अजून हात बसवत होते. या मशिदीत एकच लाल सगळीकडे सारखा नाही, कुठे टोमॅटोसारखा, कुठे विटकरी, तो याचमुळे. धागाकर्तीला जे सांधे चुकलेले, रंग फिके-गडद दिसले, ते मला तरी चुका वाटत नाहीत. एका भट्टीत वरच्या फळीवरच्या आणि खालच्या फळीवरच्या टाइलला सारखी आच कधीच मिळत नाही. शेकडो टाइल्स वेगवेगळ्या दिवशी भाजून लाकूड जाळणाऱ्या भट्टीतून काढायच्या, गाढवांवर, बोटीवर लादून इस्तंबूलला न्यायच्या आणि भिंतीवर देठाला देठ लावायचा. एक सूत चुकलं तर चुकू दे.

---

खिडकीपाशी | बुधवार, दुपारी ३:००

चिखलमाती ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. 'ओला रवा' वाचून मला तो गोळा हातात आल्यासारखा वाटला. आणि तिरक्या उजेडाचं आधी कुणी सांगितलं असतं तर!

एक शंका. बाहेरच्या एका दारावरच्या पॅनेलमध्ये चक्क पाचूसारखा हिरवा आहे. आत तो कुठेच दिसला नाही.

---

चिखलमाती | बुधवार, दुपारी ३:२५

बरोबर पकडलंत. तो हिरवा पुढे आला, रुस्तम पाशाच्या मूळ कामात तो नाही. ते पॅनेल नंतर बसवलेलं आहे. टाइलचं वय ओळखायचं तर रंग बघायचे. लाल नाही म्हणजे साधारण आधीची. लाल आहे, हिरवा नाही, म्हणजे या मशिदीच्या काळातली. दोन्ही झळाळते आहेत म्हणजे पुढची काही दशकं. आणि लाल परत तपकिरी पडला, निळा वाहिला, पांढरा मळकट झाला, की सतरावं शतक, उतरती कळा. ढोबळ नियम आहे, पण ओसरीतली गोधडी वाचायला पुरतो.

---

शाईदौत | बुधवार, रात्री ९:१०

भाषेच्या अंगाने दोन पैसे.

तुर्कीत या टाइलकामाला शब्द आहे 'चिनी'. म्हणजे चीनचं. तोपकापीच्या मुदपाकखान्यात चीनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा मोठा साठा होता, इझ्निकवाले आधी त्याच्याच नकला करत. आपणही लोणच्याच्या बरणीला 'चिनी मातीची' म्हणतो. दोन्हीकडे वस्तू घरची आणि नाव चीनचं.

ट्यूलिप म्हणजे तुर्कीत 'लाले', मूळ फारसी. अरबी लिपीत 'लाले' आणि 'अल्लाह' यांची अक्षरं तीच: एक अलिफ, दोन लाम, एक हे. अक्षरांना आकडे देण्याच्या अबजद पद्धतीत दोन्हींची बेरीज ६६. 'हिलाल', म्हणजे चंद्रकोर, तिचीही ६६. मशिदीच्या भिंतीवर ट्यूलिप यायला एवढं कारण पुरेसं होतं.

आणि आता आपल्याकडची गंमत. इझ्निकच्या भांड्यांवर, टाइल्सवर आणि सुलतानांच्या कफ्तानांवर (लांब अंगरख्यांवर) एक खूण सारखी येते, तीन गोळे आणि शेजारी दोन नागमोडी पट्टे. कलेच्या इतिहासात तिला म्हणतात 'चिंतामणी'. हो, थेऊरचा तोच शब्द!

---

नळस्टॉप | बुधवार, रात्री ९:२२

म्हणजे तुर्कस्तानात आपले गणपती होते?

---

शाईदौत | बुधवार, रात्री ९:४०

अहो नाही. म्हणूनच लिहायला घाबरत होतो, उद्या हे ढकलपत्रात फिरेल. शब्द संस्कृत, इच्छा पुरवणारा मणी. बौद्ध परंपरेतून तो मध्य आशिया आणि चीनकडे गेला आणि खूणही त्याच वाटेने पश्चिमेला आली असावी असं मानतात. पण उस्मानी विणकर किंवा कुंभार तिला चिंतामणी म्हणत नसत. त्यांच्याकडे गोळे म्हणजे 'बेनेक', ठिपके, चित्त्याच्या कातड्यावरचे, आणि पट्टे वाघाचे. शूराचं कातडं पांघरल्याची खूण. चिंतामणी हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी चिकटवलं.

---

तिरका डोळा | बुधवार, रात्री १०:०५

स्पष्टीकरणाबद्दल आभार. तरी ढकलपत्र येणारच.

---

घाटवाट | गुरुवार, सकाळी ८:४५

आपल्याकडचा खरा दुवा हवा असेल तर दोन देतो.

एक, दौलताबाद. किल्ल्यातला 'चिनी महाल' सगळ्यांनी बघितलाय, निदान बाहेरून. गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानाला, तानाशाहला, औरंगजेबाने तिथे कैदेत ठेवलं होतं. नाव पडलं भिंतीवरच्या निळ्या टाइल्सवरून, तुकडे अजून दिसतात. म्हणजे शाईदौत म्हणतात तोच 'चिनी' आपल्या देवगिरीवर आहे. शेजारच्या चांदमिनारवरही झिलईच्या टाइल्स होत्या. आणि बीदरचा, बहमनी वझीर महमूद गावानचा मदरसा, १४७२ चा, दर्शनी भिंतीवर टाइलचं काम अजून लख्ख. अर्धी इमारत औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात गेली. पण ही परंपरा इराणी, इझ्निकची नाही. गावान स्वतः इराणच्या गिलानचा, आणि उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदशी त्याचा पत्रव्यवहार होता.

दुसरा दुवा तोफेचा. विजापूरची मुलुखमैदान तोफ ओतली गेली अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर), १५४९ मध्ये. ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे उस्मानी मुलखातला. त्या वर्षी इस्तंबूलमध्ये मुख्य प्रधान कोण होता? रुस्तम पाशा.

---

बोरीबंदर | गुरुवार, सकाळी ९:००

मुलुखमैदान नगरला ओतली हे माहीत होतं, पण ओतणारा रुस्तम पाशाचा समकालीन हे डोक्यात कधी आलं नव्हतं. +१

---

चिखलमाती | गुरुवार, सकाळी ११:३०

घाटवाट, बीदरबद्दल छान लिहिलंत, त्यात एक भर. तंत्रात मोठा फरक आहे. इराणी पद्धतीत एकेका रंगाची टाइल वेगळी भाजून, छिन्नीने आकार कापून, तुकडे जोडत चित्र बनवायची चाल जुनी. प्रत्येक रंगाला त्याला हवी तेवढी आच देता येते, म्हणून झळाळी येते. इझ्निकमध्ये सगळे रंग एकाच टाइलवर, एकाच भट्टीत. तिथे फूल ब्रशने काढलं जातं, म्हणून देठाला वळण येतं. बीदरची फुलं कापलेली वाटतात, रुस्तम पाशाची लिहिलेली.

---

सांजवात | गुरुवार, दुपारी १२:१०

मला या सगळ्यातलं काही कळत नाही, पण तुर्की मालिका सगळ्या बघितल्यात. तो रुस्तम खलनायक! उवेची गोष्ट कुणी लिहिली नाही अजून.

---

तिरका डोळा | गुरुवार, दुपारी १२:३०

लिहितो. रुस्तम सरहद्दीकडच्या ख्रिस्ती घरातला, लहानपणी दरबारी चाकरीसाठी उचललेला. राजकन्येशी लग्न ठरायच्या बेतात असताना विरोधकांनी उठवलं की त्याला महारोग आहे. सुलतानाने हकीम पाठवला. हकीमाला रुस्तमच्या कपड्यात ऊ सापडली. महारोग्याच्या अंगावर ऊ राहत नाही अशी तेव्हाची समजूत, म्हणून रुस्तम निर्दोष आणि लग्न पक्कं. तुर्कीत त्यावरून बोलतात की नशीब उघडलं की ऊसुद्धा कामी येते. खरं-खोटं देव जाणे, पण चिकटलं ते चिकटलं. इतकी वर्षं साम्राज्य चालवलं आणि लोकांना लक्षात आहे ऊ.

---

खिडकीपाशी | गुरुवार, दुपारी १:१५

आणि टाइल्स!

---

तिरका डोळा | गुरुवार, दुपारी १:२०

आणि टाइल्स. बरं.

---

नळस्टॉप | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

ही कला मग मेली कशी? चिखलमातींनी 'उतरती कळा' म्हणून सोडून दिलं.

---

चिखलमाती | गुरुवार, रात्री ८:५५

साधं उत्तर, गिऱ्हाईक एकच आणि भाव त्याच्या हातात. इझ्निकचं मोठं काम दरबाराचं. टाइलचा भाव सरकार ठरवायचं. सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे महागाई वाढली, लाकूड, काच, रंग महाग झाले, टाइलचा भाव मात्र बांधलेला. निळ्या मशिदीसाठी (१६०९ ते १६१७) हजारो टाइल्स हव्या होत्या. कारागिरांनी भराभर उरकल्या, दर्जा खालावला. त्यानंतर एवढं मोठं काम आलंच नाही. एव्लिया चेलेबी हा तिकडचा भटक्या लेखक सांगतो की एके काळी गावात तीनशे कार्यशाळा होत्या, तो १६४८ मध्ये गेला तेव्हा नऊ उरल्या होत्या. आकडा थोडा फुगवलेला असेल, तो त्याचा स्वभावच, पण दिशा खरी. पुढे काम क्युताह्या या दुसऱ्या गावाला गेलं. इझ्निकमध्ये १९९३ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झालं, त्यांनी शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन जुन्या टाइल्सचं घटक-विश्लेषण करून ती क्वार्ट्झची टाइल परत जमवली. कारागिरांनी पाककृती लिहूनच ठेवली नव्हती.

भाव बांधून देणारं गिऱ्हाईक मलाही भेटलंय, दिवाळीच्या पणत्यांचं. तेव्हा मी त्या कारागिरांच्या बाजूने.

---

घाटवाट | गुरुवार, रात्री ९:३०

उरलेलं चोरीलाही गेलं. आया सोफियाच्या आवारात सुलतान दुसऱ्या सेलीमची कबर आहे, तीही सिनाननेच बांधलेली. दारापाशी दोन बाजूंना दोन टाइल पॅनेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका फ्रेंच माणसाने, जो दाताचा डॉक्टर होता, त्यातलं एक दुरुस्तीला म्हणून फ्रान्सला नेलं आणि परत पाठवली नक्कल. मूळ आज लूव्र संग्रहालयात. दोन्ही बाजू निवांत बघा, नक्कल ओळखू येते. तिचा लाल मेलेला आहे आणि पांढऱ्याला पिवळट झाक.

---

सांजवात | गुरुवार, रात्री ९:४५

दाताचा डॉक्टर! उपटायची सवयच.

---

पहिलावहिला | शुक्रवार, सकाळी ७:१५

नमस्कार, वाचनमात्र होतो, पहिलाच प्रतिसाद. पुढच्या आठवड्यात कामानिमित्त इस्तंबूलला जातोय, एकच सकाळ मोकळी आहे. ही मशीद बघायची तर काय लक्षात ठेवू?

---

खिडकीपाशी | शुक्रवार, सकाळी ९:२०

स्वागत! नमाजच्या वेळा आधी बघून ठेवा, तेवढा वेळ पाहुण्यांना आत थांबता येत नाही. शुक्रवार दुपार टाळाच. बरोबर कुणी बाई असतील तर डोक्यावर ओढणी लागेल. जिना अरुंद आहे, मोठी बॅग नको. वर गेल्यावर लगेच आत जाऊ नका. ओसरी आधी बघा आणि चिखलमातींचा रंगांचा नियम लावून कोणती टाइल कधीची ते ओळखायचा खेळ खेळा. मग आत. एका खांबाला लागून बसा आणि लालकडे बाजूने बघा. हात लावू नका, विजेरी तर मुळीच नको, लोक नमाज पढत असतात.

वेळ उरला तर माझं एक काम करा. सतराच्या पुढचे ट्यूलिप मोजायचे राहिलेत.

---

पहिलावहिला | पुढचा शनिवार, रात्री ११:५०

आलो परत. जिना सापडायला वीस मिनिटं गेली, डब्यांचं दुकान अजून आहे.

एकोणतीस. मग अजान झाली आणि उठावं लागलं.